साखर उतरली

"मॅडम, ही उन्नती ट्रेडर्स नक्की कोणाची पार्टी आहे, तेवढं सांगा. माझ्या गाड्यांतून साखर उतरवतेय आणि मलाच पत्ता नाही."

मानकोलीच्या त्या भल्यामोठ्या गोदामात डिस्पॅचची काचेची केबिन आहे. तिथे बसलेल्या उन्नती तरेने मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण हेल्मेट काखोटीला मारून उभा होता. चेहरा अनोळखी, पण आवाज चांगलाच ओळखीचा. रोज फोनवर "आलीच गाडी मॅडम, पाच मिनिटं" म्हणणारा आवाज. ज्याची पाच मिनिटं आजवर कधी संपली नव्हती, तो हा भाविक केणे. अंजूरचा, 'आई एकविरा ट्रान्सपोर्ट'चा मालक. फोनवरून तिने त्याला पोट सुटलेला, मिशीवाला, चाळिशीचा माणूस ठरवून टाकलं होतं. हा तर… बरा होता. जरा जास्तच बरा होता.

पण एवढं मनात येईपर्यंत त्याने आपला फोन तिच्यासमोर धरला, आणि उन्नतीच्या तोंडचं पाणी पळालं.

'उन्नती : साखर उतरली.'

त्याच्या वर, 'उन्नती : साखर चढली.' त्याच्याही वर, 'उन्नती : साखर वेगाने उतरते आहे.'

भाविक तावातावाने सांगत होता. दिवाळीचा सेल तोंडावर, गाड्या कमी पडताहेत, आणि गेले कित्येक दिवस कोणीतरी त्याच्या नावावर साखर चढवतंय आणि उतरवतंय. त्याने आपल्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरला, लडकूला, चोर ठरवलं होतं. लडकूने गाडीतल्या एकविरेच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली होती आणि तेव्हापासून तो मालकाशी बोलत नव्हता. आणि हे निरोप देणाऱ्या ॲपची लिंक मॅडमनीच पाठवलेली, म्हणून तो थेट त्यांच्याकडेच आला होता. त्यांचं नाव त्याला ठाऊक नव्हतं; फोनवर त्या नुसत्या मॅडम.

उन्नतीच्या डोक्यात सगळं एका क्षणात लख्ख झालं. साखर तिचीच होती. पोत्यातली नाही, रक्तातली. शाळेत असताना तिला मधुमेह निघाला, तो कायमचा, रोज इन्शुलिन टोचायला लावणारा. अलीकडे तिने दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावला होता. तो साखर मोजायचा, फोनमधलं ॲप ती दाखवायचं, आणि जवळच्या माणसाला एक लिंक पाठवली की त्याच्याही फोनवर तिची खबर जायची. आईला वाचता यावं म्हणून तिने भाषाही मराठीच निवडली होती. कामाच्या धबडग्यात तिने फोनमध्ये 'आई' एवढंच टाइप केलं, वर जे पहिलं नाव आलं त्याला लिंक पाठवली आणि गाडीच्या मागे धावली. पहिलं नाव 'आई एकविरा ट्रान्सपोर्ट' होतं.

आणि ह्या बाबाने ते मुकाट्याने घेतलं होतं. घेणारच. गोदामातून रोज एक नवं ॲप यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, हे डाउनलोड केल्याशिवाय गोदामाला गाडी लागणार नाही.

तिने उठून दार लावलं.

"उन्नती ट्रेडर्स नाही. उन्नती मी. ही माझी साखर आहे."

"तुमची? म्हणजे तुम्ही साइडला…"

"रक्तातली, केणे."

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो मागचे निरोप पुन्हा वर सरकवून वाचू लागला, एकेक करून.

"म्हणजे परवा दुपारी ही वेगाने उतरत होती… तेव्हा मी लडकूला शिव्या घालत होतो, आणि तुम्ही…"

"मी इथे टेबलाखाली वाकून ग्लुकोज खात होते."

कोणी पाहू नये म्हणून. हे ती बोलली नाही, पण त्याला कळलं असावं, कारण त्याने काचेतून बाहेर एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. तिने त्याला थोडक्यात सांगितलं. इथे कोणाला माहीत नाही. सेलनंतर फ्लोअर इन्चार्जची जागा निघणार होती आणि मॅनेजर उठता-बसता म्हणायचा की ह्या कामाला फिट माणूस लागतो. घरी तर आईचा हुकूमच होता, लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. एक जमलेलं स्थळ ह्याच कारणाने मोडलं होतं. तेव्हा कृपा करून ते ॲप आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत काढून टाकावं आणि विसरून जावं.

त्याने ॲप काढलं. स्क्रीन तिला दाखवली.

"विसरलात?" तिने विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "पण काढलं."

*

दुसऱ्या दिवसापासून 'आई एकविरा'च्या गाड्या वेळेवर येऊ लागल्या. अख्ख्या गोदामाला धक्का बसला. त्याहून मोठा धक्का म्हणजे मालक स्वतः गाडीबरोबर येऊ लागला. गेटवर गाड्यांची घोषणा करणारी रीमा माइकवर 'आई एकविरा' म्हणताना मुद्दाम सूर लांबवायला लागली, आणि केबिनमध्ये उन्नतीचे कान तापायला लागले.

तो काउंटरच्या फटीतून कागद सरकवायचा आणि सगळ्यांदेखत, अगदी कामाच्या आवाजात विचारायचा, "मॅडम, माल चढतोय की उतरतोय?"

ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायची, "लेव्हल आहे."

"मग मी उगाच आलो."

"रोजच उगाच येता."

"उद्या कारण शोधून येतो," म्हणून तो जायचा, आणि उन्नतीला पुढचा अर्धा तास एकाच गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा वाचावा लागायचा.

एकदा त्याने घरच्या उकडलेल्या शेंगांची पिशवी काउंटरवर ठेवली. ती फणकारली, आपण काही पेशंट नाही म्हणाली. तो शांतपणे म्हणाला की पेशंट हा शब्द त्याने उच्चारलाच नाही, त्याने फक्त शेंगा म्हटलं. तिला हसू आलं. ते तिने शेंग सोलायच्या निमित्ताने लपवलं.

तिला खरा चक्रावून टाकणारा प्रकार वेगळाच होता. आजवर ज्याला ज्याला कळलं, त्याने तिला कारल्याचा रस, मेथ्या, अनवाणी चालणं असलं काहीतरी सुचवलं होतं. ती भाविकच्याही कारल्याची वाट बघत होती. कारलं आलंच नाही. त्याने एका दुपारी, गाडी भरत असताना, चिकटपट्टीच्या कर्कश आवाजात एवढंच विचारलं, "उतरली की कसं वाटतं?"

हे तिला कोणी, अगदी आईनेही, कधी विचारलं नव्हतं. ती गडबडली. मग म्हणाली, "पुढे पायरी आहे असं समजून पाय टाकावा… आणि पायरी नसावी. तसं."

त्याने हातातले कागद खाली ठेवले. "तेव्हा बरोबर कोण असतं?"

ती पुढची खोकी मोजू लागली. उत्तर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

घरी तिने आईला आता खरीखुरी लिंक जोडून दिली होती, आणि त्याचा पश्चात्तापही करून झाला होता. चंद्राबाई कामतघरच्या चाळीत, भोवतीच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात राहून मोठ्याने बोलायला शिकलेल्या. साखर जरा हलली की त्यांचा फोन यायचा आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जायचं, काय खाल्लंस, का खाल्लंस, का नाही खाल्लंस. मॅनेजरच्या भुवया वर जायला लागल्या तशी उन्नतीने एक दिवस आईचं नाव ॲपमधून काढलं आणि ॲप बिघडलंय अशी थाप मारली. त्या संध्याकाळी रिक्षात बसून ती रिकाम्या यादीकडे बघत राहिली. तिची साखर चढो की उतरो, आता जगात कोणालाही कळणार नव्हतं.

मग तिने फोनमध्ये पुन्हा 'आई' टाइप केलं. पहिलं नाव वर आलं. ह्या वेळी तिने ते नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि लिंक पाठवली.

बराच वेळ काहीच नाही. नुसतं 'टाइप करत आहे…' दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. रिक्षा कामतघरला पोचली तेव्हा निरोप आला.

'मॅडम, डाउनलोड नाही केलं तर गाडी लागणार नाही का?'

'नाही लागणार.'

'मग केलं.'

उन्नती रिक्षातून उतरली आणि पैसे न देताच चालू लागली. रिक्षावाल्याने हाक मारली तेव्हा तिला आपण हसतोय हे कळलं.

*

सेलचा दिवस उजाडला आणि गोदामाचं वारूळ झालं. वरून कंपनीचे मोठे साहेब आलेले. मॅनेजर उन्नतीला सोबत घेऊन त्यांना रांगा दाखवत फिरत होता. फ्लोअर इन्चार्ज कोण, हे आजच ठरणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. सकाळी तिने इन्शुलिन घेतलं होतं, डबा मात्र तसाच राहिला होता. खिशात फोन वाजला, तिने न बघता बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. एवढी एक रांग संपू दे, मग खाते. मग भाविकचा फोन आला. तोही कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

साखर उतरली की माणूस हट्टी होतो, हे तिला माहीत होतं. फक्त उतरलेली असताना ते आठवत नाही, एवढीच अडचण. पाठीवरून घाम ओघळत होता. साहेब काहीतरी विचारत होते आणि त्यांचे ओठ हललेले तिला दिसत होते, शब्द कुठेतरी लांब पडत होते. ती हसून मान हलवत होती.

तेवढ्यात डोक्यावरचा लाउडस्पीकर खरखरला आणि रीमाचा आवाज अख्ख्या गोदामात घुमला.

"उन्नती मॅडम लक्ष द्या. आई एकविराची साखर उतरली आहे. साखर उतरली आहे. हातातलं काम सोडून ताबडतोब बघावं. आई एकविरा गेटवर येत आहे."

कोणी मानसुद्धा वर केली नाही. दिवसभर असल्या घोषणा चालूच होत्या. मॅनेजर वैतागून एवढंच म्हणाला, "जा, त्या साखरेचं बघून या आधी."

उन्नती मात्र जागच्या जागी थिजली. त्या एका वाक्याने तिला खांद्याला धरून हलवल्यासारखं झालं. साखर. माझी. ती रॅकच्या मागे गेली, खोक्यांना टेकून खाली बसली, खिशातली ग्लुकोजची पुडी दातांनी फाडली आणि तोंडात ओतली. अर्धी अंगावर सांडली.

भाविक तिथे पोचला तेव्हा ती माल भरायच्या डॉकच्या पायऱ्यांवर बसून डब्यातली भाकरी खात होती. मानकोलीच्या पुलाखाली अडकलेला टेम्पो लडकूच्या हवाली करून तो पळत आला होता. शर्ट घामाने चिकटलेला, चेहरा पांढराफटक. इतका घाबरलेला माणूस तिने पाहिला नव्हता, आणि तिच्यासाठी घाबरलेला तर कधीच नाही.

"तू फोन का कापलास?" 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. "सरळ नाव घेऊन सांगणार होतो सगळ्यांना. मग तुझं ते इन्चार्जपद आठवलं. तुला शब्द दिलेला. काय करू सुचेना, म्हणून रीमाला फोन करून गाडी आल्यासारखं सांगायला लावलं. तू ऐकलं नसतंस तर दुसरा फोन मॅनेजरला होता. शब्द गेला खड्ड्यात."

"ऐकलं मी," ती म्हणाली.

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"मला तुझ्या साखरेची भीती नाय वाटत, उन्नती. तू फोन कापतेस ना, त्याची वाटते." तो थांबला. "मला तू आवडतेस. चढलेली, उतरलेली, लेव्हल… कशीही. घरी आईला घेऊन येऊ?"

भाकरीचा घास तिच्या हातातच राहिला. लाजायचं असतं हे तिला माहीत होतं, पण ती इतकी चकित झाली होती की लाजायचं राहूनच गेलं.

"तुझ्या आईला… हे माहीत आहे?"

"न्हाय. ते तू सांगायचं. तुझं आहे ते. तू सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून निघायचं नाय."

*

बैठकीच्या दिवशी चंद्राबाईंनी मुलीला लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि तिचा फोन साडीत गुंडाळून कपाटात कोंबला. उन्नती सकाळपासून सांगत होती की त्यांना आधी खरं काय ते सांगू. चंद्राबाई ऐकेनात. मागचं स्थळ मोडलं तेव्हा त्या चाळीत महिनाभर मान वर करून चालल्या नव्हत्या. पुन्हा तेच झालं तर त्यांना झेपणार नव्हतं. लग्न होऊ दे, मग सांग, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

पाहुणे उशिरा आले. दुपारचं जेवण लांबलं होतं, आणि पाहुण्यांच्या आधी मुलीने कसं जेवायचं. पोह्यांच्या बश्या घेऊन उन्नती बाहेर आली तेव्हा बश्या एकमेकींवर किणकिणत होत्या. भीतीने असेल, असं तिला वाटलं.

भाविकची आई ठकुबाई भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मुलीला नीट निरखलं, शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आणि मग सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला.

"पोरीला काय दुखना-बिखना न्हाय ना?"

"न्हाय, न्हाय," चंद्राबाई घाईने म्हणाल्या. "ठणठणीत हाय."

उन्नतीने तोंड उघडलं. आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने ते पुन्हा मिटलं. भाविक जमिनीकडे बघत होता. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळत होता. आत्ता गप्प राहिलं तर हे लग्न होईल, आणि मग ठकुबाईंच्या घरात आपण जन्मभर टेबलाखाली वाकून ग्लुकोज खाऊ, हे तिला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात भाविकच्या खिशात फोन वाजला. तो दचकून उठला. पण फोन खिशातून काढताना सतरंजीवर पडला, तो नेमका आईच्या गुडघ्याशी. ठकुबाईंनी उचलून डोळ्यांजवळ धरला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं.

"उन्नती… साखर… उतरली." त्यांनी कपाळाला हात लावला. "आता हिथं पन साखर? रं, कोन ही उन्नती? जेवताना साखर, देव पुजताना साखर. मना वाटला उन्नती म्हंजे कंपनी हाय."

चंद्राबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. ह्या मुलाच्या फोनवर आपल्या मुलीची साखर कशी, हे त्यांना कळेना.

"कंपनी नाही," उन्नती म्हणाली. आवाज कापरा होता, पण थांबला नाही. "मीच उन्नती. मला मधुमेह आहे, लहानपणापासून. रोज इन्शुलिन घ्यावं लागतं, जन्मभर घ्यावं लागणार. ही माझ्या रक्तातली साखर. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

बाहेर लूम खडखडत राहिले. चंद्राबाईंनी पदराने तोंड झाकलं.

ठकुबाई मुलाकडे वळल्या. "तुला ठाव होता?"

"होता."

"कवापास्न?"

"लडकूला चोर म्हनलो, तवापास्न."

ठकुबाईंनी मनात हिशेब लावला. लडकूचा अबोला सगळ्या अंजूरला माहीत होता. मग त्या चंद्राबाईंना म्हणाल्या, "लपवाचा नव्हता, बाय. त्यो राग हाय मना." चंद्राबाई हुंदका दाबत मान हलवत राहिल्या. उन्नतीला वाटलं, संपलं. आता पिशवी उचलतील आणि उठतील.

ठकुबाईंनी पिशवी उचललीही. पण उठल्या नाहीत.

"आता उतरलीय? या घडीला?"

"हो," उन्नती म्हणाली. तिला भिंत जरा हलताना दिसत होती.

"मंग समदे बसलात काय बघत?"

त्यांनी पिशवीतून साखरेचा पुडा काढला. मुलगी पसंत पडली तर लगेच तोंड गोड करायचं म्हणून आणलेला, लाल कागदाचा, वर हळदीचं बोट ओढलेलं. कसलाही मुहूर्त न बघता त्यांनी तो टर्रकन फाडला, पुढे सरकून उन्नतीची हनुवटी धरली आणि मूठभर साखर तिच्या तोंडात घातली.

चंद्राबाईंनी पदर खाली घेतला. "ठकुबाई… अवो, पुडा फोडलात तुम्ही."

"फोडला."

"म्हंजे…"

"म्हंजे फोडला," ठकुबाई म्हणाल्या. "चावू नको पोरी, इरघळू दे."

उन्नतीच्या तोंडात साखर होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून ती फक्त भाविककडे बघत राहिली. तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता, आणि आपला साखरपुडा झाला हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं दिसत नव्हतं. मग आलं. तांब्यातलं पाणी सतरंजीवर सांडलं.

पोहे गरम करून आणले गेले, उन्नतीला सगळ्यांच्या आधी बशी मिळाली. चंद्राबाई आणि ठकुबाई तारखेवरून हळूहळू बोलायला लागल्या होत्या, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ठकुबाईंनी तो स्वतःच्या मांडीवरून कोणाला उचलू दिला नव्हता.

"काय म्हनतंय?" त्यांनी मुलापुढे धरला.

'उन्नती : साखर चढते आहे.'

भाविकने उन्नतीकडे पाहिलं, पोह्यांनी भरलेल्या तिच्या गालाकडे पाहिलं, आणि रोज फोनवर ज्या आवाजात गाडीचं सांगायचा, त्याच आवाजात म्हणाला,

"पोचली, आई."